एकाच फेरीचा लिलाव

गुरुवारी सकाळी गिरिजम्मांचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसलो होतो. गिरिजम्मा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, वत्सलाअक्काच्या, बनशंकरीतल्या घराखालच्या शेजारीण. एरवी त्यांचा फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्या दिवशी हळू बोलल्या. "अण्णा, स्वल्प बेग बन्नी." जरा लवकर या, एवढंच. त्या 'स्वल्प'वरूनच मला काय ते कळलं. नुसती तब्येत बिघडली असती तर बाई ओरडल्या असत्या. मी निवडलेली गवार पिशवीत भरली, कारण दर गुरुवारी मी अक्काकडे जेवायला जायचो आणि गवार निवडायचा तिला मनस्वी कंटाळा होता. बंगळुरूत माझ्या जे. पी. नगरहून बनशंकरी काही लांब नाही. रिक्षावाला मीटरवर यायला तयार होईना, तर मी त्याच्याशी भांडलो. बहीण गेलीय हे मनात पक्कं ठाऊक असलेला बाहत्तर वर्षांचा माणूस रस्त्यात उभा राहून भाड्याची घासाघीस करत होता... हे अक्काला सांगता आलं असतं तर तिनं आधी वही काढली असती.

ती खुर्चीतच गेली होती. कॉफी अर्धी पिऊन झालेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. लोक हे दिलासा म्हणून सांगतात. मला मात्र राग आला. आपल्याला न कळता काहीतरी होऊन गेलं, हे अक्काला मुळीच खपलं नसतं.

तिला जाऊन आता सात आठवडे झाले. मध्यंतरी ती जिथं शिकवायची त्या संस्थेत शोकसभा झाली. तिनं उभा जन्म लिलावांचा अभ्यास केला. फुलांचे लिलाव, रेशमाच्या कोषांचे, चहाचे, मासळीचे, रस्त्यांची कंत्राटं, जुन्या गाड्या... माणसं एकमेकांसमोर बोली कशी लावतात, का वाढवतात, कुठं थांबतात, कधी खोटं बोलतात. मोठमोठी माणसं तिच्याबद्दल बोलली, सगळी इंग्रजीत. एकानं पडद्यावर तिचं समीकरण दाखवलं आणि त्याला गहिवरून आलं. मी पहिल्या रांगेत बसून ते समीकरण बघत होतो. मनात येत होतं, ह्या बाईला घरात कोण काय म्हणायचं, ती कशाला हसायची, कशाला चिडायची, ह्यातलं इथं कुणालाच काही माहीत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस आहे. रेघा सरळ येतात, वाक्यांचं सांगता येत नाही.

आमचं घराणं बंगळुरूत कधी आलं ते विचारू नका. बाबा सांगायचे, घोड्यावरून आलो. घोडे पुढं कुठं गेले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते स्वतः शाळामास्तर होते आणि बसनं जायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची अशी सरमिसळ, की पुण्याचा पाहुणा आमच्या बोलण्याला हसायचा आणि त्याची पाठ वळली की आम्ही त्याच्या बोलण्याला. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिची एक गोष्ट आई नेहमी सांगायची. गणपतीच्या शेवटच्या दिवशी मांडवात देवापुढच्या नारळाचा लिलाव व्हायचा. एका वर्षी एक धान्याचा व्यापारी आणि एक कापडवाला असे दोघे इरेला पेटले. बोली चढत चालली, लोक टाळ्या पिटायला लागले. अक्का दहा-अकरा वर्षांची. तिनं बाबांचं धोतर ओढलं. "बाबा, नारळ तर समोरच्या दुकानात मिळतो."

"हा देवाचा आहे, बाळ."

"मग ते दोघं एकमेकांकडे का बघतायत? देवाकडे कुणीच बघत नाहीये."

बाबांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवून तिला गप्प केलं. पण तिनं तो प्रश्न काही सोडला नाही. पुण्याला शिकायला गेली, मग परदेशी गेली, सगळ्यांना वाटलं आता तिकडचीच होणार. ती परत आली ती हाच प्रश्न घेऊन. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमच्या घरात असंच असायचं.

तिच्या अभ्यासाची दुसरी बाजू म्हणजे माझ्या रजा. तिचा फोन यायचा, "रघू, दोन दिवस रजा टाक." कुठं, कशाला, काही नाही. मी टाकायचो. एकदा तिनं मला सीमेकडच्या एका गावी जनावरांच्या बाजारात नेलं. तिथं भाव तोंडानं ठरत नव्हता. विकणारा आणि घेणारा टॉवेलखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचे. बाकीची सगळी माणसं भोवती उभी, पण कुणाला काही पत्ता लागत नाही. अक्काला तो आकडा बोटांनीच समजून घ्यायचा होता. आता बाईमाणसाचा हात टॉवेलखाली कोण धरणार? म्हातारा दलाल पार कानकोंडा झाला. "बाईसाहेब, तुमचा हात कसा धरायचा ओ आम्ही?" अक्कानं मला पुढं ढकललं. "ह्याचा धरा. हाच माझा हात." त्यानं टॉवेल टाकला, माझी बोटं दाबली. मला वाटलं, माणूस प्रेमळ आहे, ओळख करून घेतोय. मीही चांगली घट्ट दाबली. त्याबरोबर दलालानं हाळी दिली आणि एक पांढरा बैल माझ्या नावावर झाला. अक्का हसून हसून तिथंच शेणात बसली. तो सौदा मोडायला आम्हाला चार ठिकाणी चहा प्यावा लागला. पुढं तिचा त्यावरचा निबंध छापून आला, त्याच्या तळटीपेत तिनं माझ्या उजव्या हाताचे आभार मानले होते. माझे नाही, हाताचे.

परत येताना बसमध्ये तिनं मला समजावून सांगितलं. उघड लिलावात माणूस शेजाऱ्याची बोली ऐकून आपली बदलतो. शेजारी चढला की आपणही चढायचं, तो गप्प बसला की आपल्यालाही वस्तूत खोट दिसायला लागते. टॉवेलखाली त्याला फक्त स्वतःचंच ऐकू येतं. "खरं काय हवंय ते माणसाकडून काढून घेणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे बघ," ती म्हणाली. "विचारून भागत नाही. खरं बोलण्यातच त्याचा फायदा होईल असा नियम करावा लागतो." मी म्हटलं, एवढं कशाला, सरळ विचारावं. ती म्हणाली, "तू कधी सरळ सांगितलंयस?"

खोटं पकडण्यात ती पक्की वकील होती. रस्त्यांच्या कंत्राटांचे जुने कागद महिनोन्‌महिने घेऊन बसली होती, तेव्हा एक दिवस तिनं मला तीन वेगवेगळ्या कंत्राटदारांची निविदापत्रं दाखवली. तिन्हींत 'खडी'ला जो इंग्रजी शब्द आहे त्याचं स्पेलिंग चुकलेलं, आणि तिन्हींत अगदी एकसारखं. "तीन माणसं तीन वेगळ्या चुका करतात, रघू. तिघांची चूक एकच असेल तर एकाच टेबलावर बसून लिहिलंय." कुणाची तरी झोप उडवणारा शोध होता तो, पण तिला आनंद त्याचा नव्हता. तिला त्या चुकलेल्या स्पेलिंगचाच आनंद झाला होता. नंतरच्या वर्षांत कोरमंगलातल्या नव्या कंपन्यांमधली तरुण पोरंपोरी तिला बोलवायला लागली. मोबाइलवर एखादं पान उघडायच्या आत त्यातल्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन गेलेला असतो म्हणे, आणि ते तिनं तपासून द्यायचं. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, अशी ती त्या काचेच्या ऑफिसात जायची आणि सगळ्यांना 'बाळ' म्हणायची. तिथून आली की मला सांगायची, "पोरं फार हुशार आहेत. माणसाला काय हवं ते इतकं छान ओळखतात. त्याला विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही."

आता मूळ गोष्टीकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

आमच्या घरात पहिलं 'नको' हे नको नसतं. दुसरंही नसतं. उप्पिट्टू वाढताना तीनदा विचारायचं, तिसऱ्यांदा नको आलं की मगच डबा झाकायचा. पहिल्याच विचारण्याला 'हो, वाढा' म्हणणारा माणूस अधाशी. आणि एकदाच विचारून पुढं जाणारी बाई कंजूष. ही रीत बाबांकडची की आईकडची ते देव जाणे, पण आम्हा दोघांच्या हाडीमांसी भिनलेली. अक्का चिडायची. म्हणायची, आपलं घर म्हणजे वाईट बांधलेला लिलाव आहे, कुणी खरी बोली लावतच नाही. चिडायची, आणि स्वतः दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा वाढून घ्यायची.

आई गेली, त्यानंतर घरातल्या वस्तूंची वाटणी करायची होती. वारस आम्ही दोघंच. माझी बायको सुनंदा म्हणाली, बसून बोला आणि उरका. अक्का म्हणाली, नाही, बोललो तर दोघंही 'तू घे, तू घे' करत बसू आणि निम्म्या वस्तू शेजाऱ्यांकडे जातील. तिनं तिची पद्धत काढली. दोघांना शंभर-शंभर चिंचोके. प्रत्येक वस्तूसाठी, ती आपल्याला किती हवी आहे तेवढ्या चिंचोक्यांचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि पाकिटात बंद करायचा. ज्याचा आकडा मोठा त्याला वस्तू, पण त्यानं द्यायचे ते दुसऱ्यानं लिहिले असतील तेवढेच चिंचोके. म्हणजे फुगवून लिहिण्यात अर्थ नाही, कमी लिहिण्यातही नाही. "खरं लिही," तिनं मला दोनदा बजावलं. "ह्या नियमात खरं लिहिणाऱ्याचं कधी नुकसान होत नाही, ह्याची सिद्धता आहे." आणि ज्या वस्तूला दोघांचाही शून्य, ती भांडीवाल्याला. नियम म्हणजे नियम.

आईचा पितळी कॉफी फिल्टर होता. वरच्या भांड्याला पोचा आलेला, झाकणाची मूठ तुटलेली. आमचं सगळं बालपण त्या फिल्टरच्या टपटपीत गेलं. मला तो हवा होता. सगळे शंभर लावावेत इतका हवा होता. पण मला ठाऊक होतं, तो अक्काला हवाय. शेवटच्या वर्षांत आईची कॉफी तीच करायची. मी शून्य लिहिला, म्हणजे तिला एक चिंचोकाही न देता मिळेल.

पाकिटं उघडली. शून्य... शून्य.

अक्कानं दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मला वाटलं, हिनं शून्य लिहिलाय म्हणजे हिला खरंच नकोय, हिचा तर सिद्धांतच आहे. तिला काय वाटलं ते मला नंतर कळलं. ती म्हणाली, "भांडीवाला." मी म्हटलं, "भांडीवाला." तो दुपारी आला, इतर भंगाराबरोबर फिल्टर पोत्यात घालून घेऊन गेला. आम्ही दोघं दारात उभे होतो.

तीन दिवसांनी सुनंदानं तोंड उघडलं. माझी काही शांत झोप होत नाही हे बघून तिनं परस्पर अक्काला फोन लावला. अक्का तडक घरी आली. चप्पलही काढली नाही. "तुला हवा होता?"

"तुला हवा होता म्हणून मी..."

"मला! मी तुझ्यासाठी सोडला, गाढवा."

आम्ही भांडीवाल्यांची सगळी गल्ली पालथी घातली. दोन दिवस. फिल्टर मोडीत गेला होता. परत येताना एका हॉटेलात बसलो, समोर दोन कॉफ्या ठेवलेल्या, आणि अक्का रडली. आई गेली तेव्हा रडली नव्हती. मग नाक पुसून म्हणाली, दोन माणसांनी न ठरवता अगदी एकच चूक केली, हे माझ्या कुठल्याच निबंधात बसत नाही. आणि तिथंच तिनं नियम केला. ह्यापुढं आपल्या दोघांत एकच फेरी. एकदा विचारायचं, एकदाच उत्तर द्यायचं, आणि जे उत्तर येईल तेच खरं धरायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, मनातलं ओळखायला जायचं नाही. मी कबूल केलं. त्या घडीला इतकी लाज वाटत होती की काहीही कबूल केलं असतं.

आणि नियम चालला बरं का. 'भात घेतोस?' 'हो.' 'गावाला येतेस?' 'नाही.' सुनंदा म्हणायची, तुम्ही भाऊबहीण बोलता की तारा पाठवता? पण छान वाटायचं. मोकळं वाटायचं. जगात एक तरी माणूस होतं ज्याचं 'नको' म्हणजे नको होतं.

सुनंदा गेली त्यालाही आता काही वर्षं झाली. मुलगा परदेशात, रविवारी फोन करतो, चांगला आहे. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. एकट्या माणसाचं घर कसं असतं ते ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला सांगून कळत नाही. मी टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही. कुकरची शिट्टी झाली की 'हो हो, आलो' म्हणतो. आठवड्यात एकच दिवस मी माणसाशी पोटभर बोलायचो, गुरुवारी. गुरुवार संपला की शुक्रवारपासून पुढच्या गुरुवारी काय काय सांगायचं ते मनात जमवायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या युगादीला, म्हणजे पाडव्याला, आम्ही होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, खाऊन बसलो होतो. अक्का वर्तमानपत्राची घडी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रघू, इकडे येतोस का राहायला?"

मी म्हटलं, "नको गं. तुला कशाला त्रास."

"सरी," ती म्हणाली. सरी म्हणजे बरं. आणि ताटं उचलून आत गेली.

हे मी का म्हटलं? मला जायचं होतं. इथं स्वच्छ लिहून टाकतो, मला जायचं होतं. पण सत्तर वर्षं जिभेला लागलेलं वळण, ते आधी बाहेर पडलं. ती ताटं घेऊन आत गेली आणि मी बाहेर बसून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिलो. नळाचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं विषय काढला तो आंब्यांचा.

त्यानंतर मी काय केलं? सरळ सांगायचं सोडून सुचवत राहिलो. आमच्या इमारतीत पाणी येत नाही म्हणालो, तिनं टँकरवाल्याचा नंबर दिला. वरच्या मजल्यावरचे लोक दिवसभर खुर्च्या ओढतात म्हणालो, ती म्हणाली, जाऊन सांग त्यांना. एकट्याचा स्वयंपाक नकोसा होतो म्हणालो. ती म्हणाली, "हो, होतो." मनातलं ओळखायला जायचं नाही, हा तिचाच नियम. तो ती पाळत होती. आणि मीही स्वतःची समजूत घालून घेतली, की तिनं विचारलं ते रीत म्हणून. एकटी राहायची सवय झालेली बाई, तिचं वाचन, तिचं लिखाण, त्यात माझा खोकला आणि माझा टीव्ही कुणाला हवाय? असं म्हणून दोन युगाद्या काढल्या. एक वाक्य बोलायचं होतं. शंभर गुरुवार मिळाले.

गेल्या पंधरवड्यात संस्थेचा निरोप आला, अक्काचे कागद त्यांना जपून ठेवायचे आहेत, काढून द्याल का. मी किल्ली घेऊन गेलो. गिरिजम्मा मदतीला वर आल्या. हॉलभर गठ्ठे होते, खुर्च्यांवर, जेवणाच्या टेबलाखाली, स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, तिच्या पलंगाखाली आणि पलंगावरही. भिंतीकडची जेमतेम हातभर जागा तिनं झोपायला ठेवली होती. हे सगळं मी दोन वर्षं बघत आलो होतो, तिला बोललोही होतो, अक्का, म्हातारपणी पसारा वाढला तुझा. ती म्हणाली होती, हो, वाढला. कागदांसाठी खरं तर तिची आतली वेगळी खोली होती, पूर्वीपासून. तिचं दार हल्ली बंदच असायचं. मी धरून चाललो होतो की तीही भरलेली असणार. ओढून दार उघडलं.

आत एकही कागद नव्हता. रंग दिलेल्या भिंती. खिडकीशी एक पलंग, त्यावर गादी, गादीवर कारखान्यातून आली तेव्हाचं प्लॅस्टिक. एक रिकामं कपाट. भिंतीवर टीव्ही अडकवायचे खिळे ठोकलेले, टीव्ही नाही. आणि जिथं पूर्वी मोरीवजा अडगळ होती, तिथं नवं स्वच्छतागृह.

गिरिजम्मा माझ्या मागं उभ्या होत्या. त्या कन्नडमध्ये सांगत होत्या. संक्रांतीच्या सुमाराला काम झालं म्हणे, त्या युगादीच्या आधीच्या. पंधरा दिवस ठोकठोक, सगळीकडे सिमेंट. त्यांनी अक्काला विचारलं होतं, ह्या वयात हे सगळं फोडताय कशाला? तर अक्का म्हणाली, "तम्म बर्ताने." धाकटा भाऊ येतोय.

"मग तुम्ही आलाच नाही," गिरिजम्मा म्हणाल्या.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं का नाही? चिडून म्हटलं. दोष कुणाला तरी द्यायचा होता. त्या म्हणाल्या, मी म्हटलं होतं, अण्णांना सांगते म्हणून. पण तुमच्या अक्कांनी हात धरला माझा. म्हणाल्या, त्याला ही खोली दाखवायची नाही. बघितली तर तो माझ्यासाठी येईल. त्याला स्वतःला यायचं असेल तर तो म्हणेल.

गिरिजम्मा कॉफी टाकते म्हणून खाली गेल्या. मी त्या स्वच्छतागृहात गेलो. कमोड नेहमीपेक्षा उंच बसवलेला होता. त्याच्या उजव्या बाजूला भिंतीत स्टीलची जाड दांडी. अक्काचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते, ती जमिनीवर मांडी घालून बसायची. उजवा गुडघा माझा गेलाय. तिला मी ते कधी नीट सांगितलंही नव्हतं. ती विचारायची आणि मी म्हणायचो, काही नाही, ठीक आहे.

झाकणावर बसलो. थोड्या वेळानं दांडी धरून उठून बघितलं. गुडघा दुखला नाही. परत बसलो, परत उठलो. उंची बरोबर होती.

"मला यायचं होतं, अक्का," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, अगदी स्पष्ट. मग तिथंच उभा राहिलो, दांडी हातात धरून, किती वेळ ते माहीत नाही.